भोक कुठे पाडायचं?

रोटरी इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाही, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा नाहीत. मग हवा-पेट्रोलचं मिश्रण आत कधी घ्यायचं आणि जळका धूर बाहेर कधी सोडायचा, हे ठरवतं कोण? ते भोक ठरवतं. इंजिनाच्या भिंतीत ठरावीक जागी, ठरावीक आकाराचं भोक असतं आणि आत फिरणारा रोटर जाता-जाता ते उघडतो नि झाकतो. त्या भोकाची कड सूतभर सरकली, की शांत इंजिन तापट होतं.

मी मूळचा टूलरूमचा माणूस. आयटीआय करून पिंपरीत डायफिटर म्हणून उमेदवारी केली, पुढे बरीच वर्षं तिथेच काढली आणि आता ऑकलंडला असतो. माझ्या भाच्याकडे १९८०च्या दशकातली माझदा आरएक्स-७ आहे, जपानमध्ये वापरून इकडे आलेली. तिच्या १३बी टर्बो इंजिनाचं कॉम्प्रेशन गेलं, तेव्हा आम्ही मामा-भाच्यांनी ते त्याच्या गॅरेजमध्येच खोललं. सीलं बदलायची होतीच. इंजिन उघडलंच आहे तर पोर्टिंगही करून घेऊ, म्हणजे त्या भोकांना कानस लावू, असं भाच्याच्या मनात. माझी अट एकच होती. लोखंडावर रेघ ओढण्याआधी ते भोक मुळात तिथे आलं कसं, हे आपल्याला माहीत पाहिजे. ते शोधताना माझ्या लक्षात आलं, की या इंजिनाचा सगळा इतिहास म्हणजे भोक कुठे पाडायचं आणि केवढं, यावरचा एक लांबलेला वाद आहे. तो जितका जर्मनी-जपानच्या कारखान्यांत झाला, तितकाच आमच्यासारख्यांच्या गॅरेजांतही झाला.

आधी रचना सांगतो. १३बीमध्ये ६५४ घनसेंटिमीटरचे दोन रोटर असतात. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर, कमरेत किंचित आवळलेल्या लंबगोल घरात फिरतो. त्याच्या पोटात ५१ दात्यांचं गिअर, आणि ते फिरतं ३४ दात्यांच्या पक्क्या बसवलेल्या गिअरवरून. त्यामुळे रोटरची एक फेरी होईपर्यंत एक्सेंट्रिक शाफ्टच्या तीन होतात. ओढणं, दाबणं, जळणं आणि बाहेर टाकणं या प्रत्येक कामाला शाफ्टचे २७० अंश मिळतात. पिस्टनच्या फोरस्ट्रोकला १८०च. रोटरच्या दोन्ही बाजूंना ओतीव लोखंडाच्या सपाट प्लेटा. पुढची, मधली, मागची अशा तीन प्लेटा, त्यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमची दोन घरं, आणि हा सगळा थर अठरा लांब बोल्टांनी आवळलेला.

मिश्रण आत घ्यायचं भोक पाडायला यात दोनच जागा आहेत. पहिली, घराच्या वळणदार भिंतीत. तिच्यावरून रोटरचं टोक सरकत जातं. हा पेरिफेरल पोर्ट, म्हणजे परिघावरचं भोक. दुसरी जागा सपाट प्लेटेत. ते भोक रोटरची कूस झाकते. हा साइड पोर्ट. परिघावरचं भोक कधीच पुरतं बंद होत नाही. रोटरचं टोक पुढे गेलं, की तेच भोक मागच्या कप्प्याचं होतं. धुराचं भोकही परिघावरच असलं, तर दोन्ही काही काळ एकाच कप्प्यात उघडी राहतात आणि जळका वायू ताज्या मिश्रणात शिरतो. इंजिन सावकाश फिरत असेल, तर ते खोकतं, धडधडतं. पण जोरात फिरायला लागलं, की तीच सरळ वाट छाती भरून हवा देते. प्लेटेतलं भोक याच्या उलट. ते वेळेवर मिटतं, इंजिन निवांत चालतं. मात्र हवेला वळण घेऊन आत यावं लागतं आणि वरच्या वेगात तिची दमछाक होते.

फेलिक्स वांकेलला या वादाची कल्पना नसणार. त्याच्यापुढे वेगळाच प्रश्न होता. १९०२ साली जर्मनीतल्या लार गावी जन्मलेल्या या माणसाने इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. १९२९ साली त्याने फिरत्या इंजिनाचं पहिलं पेटंट मिळवलं. तो नाझी पक्षात होता, युद्धाच्या काळात त्याने जर्मन विमानखात्यासाठी फिरत्या व्हॉल्व्हवर आणि सीलांवर काम केलं, आणि युद्ध संपल्यावर काही काळ फ्रेंचांच्या कैदेत होता. १९५१पासून त्याचा नेकार्झुल्मच्या एनएसयू कंपनीशी संबंध आला. १ फेब्रुवारी १९५७ रोजी तिथे त्याचं इंजिन पहिल्यांदा चाललं. त्यात रोटर फिरायचा आणि त्याच्या भोवतीचं घरही फिरायचं. गणिताने देखणं, पण स्पार्क प्लग बदलायचा तर इंजिन खोलावं लागे! एनएसयूच्या हान्स डीटर पाश्केने घर पक्कं केलं आणि फक्त रोटर फिरवला. वांकेलला हे मुळीच रुचलं नाही. आज ज्याला आपण वांकेल इंजिन म्हणतो, ते खरं तर पाश्केच्या रचनेचं.

घर स्थिर झालं, म्हणून त्यात हवं तिथे भोक पाडता यायला लागलं. एनएसयूने परिघ निवडला. १९६४ची स्पायडर ही रोटरी इंजिनाची पहिली विक्रीची गाडी. तिच्यापाठोपाठ १९६७ साली आरओ ८० आली. ही मोठी देखणी सेडान १९६८ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली. तिच्या परिघावरच्या भोकांमुळे इंजिन खालच्या वेगात कुरकुरायचं. तो धक्का गाडीत बसलेल्यांना जाणवू नये, म्हणून तिला टॉर्क कन्व्हर्टर आणि क्लचचं पेडल नसलेला तीन गिअरचा बॉक्स दिला. भोकाच्या जागेने गिअरबॉक्स ठरवला, असं मी भाच्याला सांगितलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा हातातला मोबाइल खाली ठेवला. आरओ ८०ची खरी रड मात्र टोकांच्या सीलांची होती. इंजिनं लवकर निकामी व्हायला लागली, कंपनी वॉरंटीत नवीन देत राहिली आणि त्या खर्चाने वाकली. १९६९ साली एनएसयू फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली.

तिकडे हिरोशिमात तोयो कोग्यो ही कंपनी माझदा नावाने गाड्या काढत होती. १९२० साली बुचाच्या लाकडाच्या धंद्यातून सुरू झालेला हा कारखाना. अणुबाँब पडल्यावर त्याच्या बऱ्यापैकी वाचलेल्या इमारतीत प्रांताच्या सरकारी कचेऱ्यांनाही आसरा मिळाला होता. १९६०च्या सुमारास जपान सरकारला मोटारकंपन्या कमी करून मोजक्याच ठेवायच्या होत्या. आपली कंपनी कुणाच्या तरी पोटात जाऊ नये, यासाठी अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांना इतरांकडे नाही असं काहीतरी हवं होतं. त्यांनी एनएसयूकडून परवाना घेतला आणि १९६३ साली केनिची यामामोतोंच्या हाताखाली ४७ इंजिनिअरांचा विभाग उघडला. जपानी इतिहासातल्या ४७ सामुराईंवरून लोक त्यांना त्याच नावाने ओळखू लागले. त्यांचा पहिला शत्रू होता घराच्या आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या आडव्या लहरी. टोकांची सीलं थरथरत जायची आणि क्रोमवर ओरखडे काढायची. त्या ओरखड्यांना ते सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. शेवटी कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्र सीलांनी ती थरथर थांबवली.

भोकाच्या बाबतीत हिरोशिमाने जर्मनांपेक्षा वेगळा कौल दिला. ३० मे १९६७ रोजी बाजारात आलेल्या कॉस्मो स्पोर्टमध्ये मिश्रण आत घ्यायचं भोक प्लेटेत गेलं आणि धुराचं परिघावर राहिलं. जपानच्या शहरांतल्या गर्दीत गाडीने न अडखळता चाललं पाहिजे, हा त्यामागचा विचार. नंतरच्या जवळपास सगळ्या माझदा या रचनेवर निघाल्या. भाच्याच्या गाडीतही तेच.

पण शर्यतीचं अंगण वेगळं. १९६८च्या ऑगस्टमध्ये माझदाने दोन कॉस्मो जर्मनीत न्यूरबुर्गरिंगला मॅरेथॉन द ला रूत नावाच्या ८४ तासांच्या शर्यतीत उतरवल्या. त्यांच्या इंजिनांत बाजूची आणि परिघाची अशी दोन्ही भोकं होती. वेग वाढला, की एक झडप हवेला प्लेटेतल्या वाटेवरून परिघाच्या वाटेवर नेई. एक गाडी शेवटच्या तासांत बाद झाली, दुसरी चौथी आली. रस्त्यावरच्या गाडीत जी तडजोड पत्करली होती, ती कारखान्याच्याच माणसांनी सव्वा वर्षात बाजूला ठेवली. घरगुती पोर्टिंगवाल्यांना बंडखोर समजणाऱ्यांना मी हेच सांगतो. पहिली कानस हिरोशिमातच चालली.

त्यानंतर आला ब्रिज. जिथे परिघावर नवीन भोक पाडायची मुभा नव्हती किंवा सोय नव्हती, तिथे लोक प्लेटेतल्या भोकाच्या बाहेरच्या अंगाला भुवईच्या आकाराची दुसरी फट कापू लागले. मूळ भोक आणि ही भुवई यांच्यामध्ये लोखंडाची एक अरुंद पट्टी राखायची. तिलाच ब्रिज म्हणतात. ही पट्टी का राखायची, ते रोटर हातात घेतल्याशिवाय कळत नाही. रोटरच्या प्रत्येक कोपऱ्यात गोल बटणासारखं एक सील असतं आणि त्याच्यामागे छोटी स्प्रिंग. प्लेटेवरून घसरत जाताना त्या बटणाला खाली आधार लागतो. पट्टी काढून टाकली, तर बटण भोकात डोकावतं, कडेला आपटतं आणि इंजिनाचे तुकडे करतं. म्हणजे ब्रिजवाला कारागीर हवेसाठी जागा करतो, ती सीलाच्या पायवाटेला धक्का न लावता. आणखी पुढे गेलं, की पाण्याच्या सीलाची खाच लागते. तिथे पोचलेल्यांची इंजिनं शर्यतीपुरती.

अशा छिललेल्या इंजिनांनी १९७०च्या दशकात जपानच्या ट्रॅकवर धुमाकूळ घातला. निस्सान स्कायलाइन जीटी-आरची विजयाची लांबलचक मालिका १९७१च्या डिसेंबरात फुजीला माझदा सॅव्हानाने तोडली. सॅव्हाना म्हणजे परदेशातली आरएक्स-३. त्याच साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात रेसिंग बीट नावाचं दुकान सुरू झालं. जिम मेडरर आणि ताकायुकी ओकू ही त्यातली ठळक नावं. या दुकानाने ब्रिज आणि परिघाची इंजिनं तर बांधलीच. शिवाय एक साधी वस्तू विकायला काढली, जिने हा धंदा जगभर पसरवला. ती म्हणजे पोर्टिंगचा साचा. पातळ साचा प्लेटेवर ठेवा, कड जुळवा, सुईने रेघ ओढा आणि रेघेपर्यंत छिला. कॅमशाफ्टचा नवा उंचवटा घडवायला ग्राइंडिंगचं मोठं मशीन लागतं, नाहीतर महागडा कॅम विकत आणावा लागतो. इथे एक साचा आणि हातातलं ग्राइंडर पुरतं. ज्ञान कागदावर मावलं, म्हणून ते गॅरेजात पोचलं.

हा धंदा पसरवणारी दुसरी गोष्ट मात्र दुर्दैवाने घडवली. १९७३च्या ऑक्टोबरात तेलसंकट आलं. रोटरी पेट्रोल पिते, हे तोवर सगळ्यांना कळून चुकलं होतं. अमेरिकेत माझदाची विक्री कोसळली, कंपनी बुडायच्या बेताला आली, सुमितोमो बँकेने येऊन सावरली आणि कारखान्यातल्या कामगारांना डीलरांकडे गाड्या विकायला पाठवायची वेळ आली. रोटरी म्हणजे पेट्रोलची उधळण आणि सीलांची कटकट, हा शिक्का पक्का बसला. त्यामुळे वापरलेल्या आरएक्स-२, आरएक्स-३ स्वस्तात मिळू लागल्या, आणि ज्यांच्या खिशात पैसे नव्हते पण अंगात रग होती, अशा पोरांच्या हाती त्या पडल्या. इंजिन बिघडलेलं असायचं, म्हणजे ते तसंही उघडायचंच. उघडल्यावर भोक दोन मिलिमीटर मोठं करायला जास्तीचा खर्च काय? सीलांच्या दुखण्यातूनच पोर्टिंगचा रिवाज वाढला, असं माझं मत आहे. न बिघडणारं इंजिन कुणी घरी उघडत नाही.

पोर्तो रिको, सिडनीची पश्चिम उपनगरं आणि आमचं दक्षिण ऑकलंड ही या रिवाजाची तीन मोठी ठाणी. तिन्हीकडे कष्टकरी वस्त्या आणि थोड्या अंतराची सरळ शर्यत, ड्रॅग रेसिंग. ऑस्ट्रेलियात १९८३ साली अ‍ॅलन मोफॅटने आरएक्स-७ घेऊन टूरिंग कारची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि रोटरीला घराघरात नेलं. न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमध्ये वापरलेल्या गाड्यांची आयात खुली होत गेली. १९९८ साली मोटारींवरचा आयातकरच उठला. स्टिअरिंग दोन्ही देशांत उजवीकडे. जपानी मालकाने कंटाळून विकलेली आरएक्स-७ इथल्या मेकॅनिकच्या पोराला परवडू लागली. अशीच एक भाच्याच्या दारात आली.

प्लेटा धुऊन टेबलावर मांडल्या, तेव्हा एक गंमत दिसली. कारखान्याचं भोक ओतीव असतं. त्याची भिंत खरबरीत, आणि कड फक्त मशीनने साफ केलेली. आमच्या मागच्या प्लेटेत मिटणाऱ्या कडेला ग्राइंडरच्या लहरी होत्या. पुढच्या प्लेटेतही होत्या, पण उथळ. कुणीतरी आमच्या आधी हात मारला होता, जपानमध्ये की इथे, कोण जाणे. मी एका ओळखीच्याकडून न छिललेली प्लेट मागून आणली, तिचं भोक कागदावर उतरवलं आणि तो कागद आमच्या प्लेटांवर ठेवला. मागचं भोक पुढच्यापेक्षा उशिरा मिटत होतं. म्हणजे एकाच इंजिनातले दोन रोटर दोन वेगवेगळ्या वेळी श्वास घेत होते. प्लेट वाचता आली, तर आधीचा माणूसही वाचता येतो. उजव्या हाताने काम करणारा. मागच्या प्लेटेवर मन लावून काम करणारा. पुढच्या प्लेटेला येईस्तोवर दमलेला.

"मामा, ब्रिजच करू या," भाचा म्हणाला.

"गाडी रोज कामावर न्यायची आहे ना तुला?"

"हो, पण तो आवाज..."

"आवाजाला पेट्रोल मी घालणार, की तू?"

आवाजाचं आकर्षण मला कळतं. ब्रिज केलेलं इंजिन सिग्नलला उभं असताना एकसंध गुणगुणत नाही. कप्प्यात जळका वायू उरतो, एखादा स्फोट हुकतो, पुढचा दणक्यात होतो, आणि सायलेन्सरमधून भड्-भड्-भड् असा लंगडा ठोका येतो. दक्षिण ऑकलंडमध्ये शनिवारी रात्री तो लांबून ओळखता येतो. मी हाच मोह फार आधी पुण्यात पाहिला होता. नाना पेठेत एका उस्तादाकडे यामाहा आरएक्स १००च्या बोअरला कानस मारून घ्यायला पोरं रांग लावायची. टू-स्ट्रोकचं गणित हेच. तिथे पिस्टनची कड भोक उघडते, इथे रोटरची कूस. धुराच्या भोकाचं छत थोडं वर नेलं, की गाडी वरच्या वेगात सुटायची आणि खालच्या वेगात मरगळायची. उस्ताद प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा: डबलसीट जातोस का? हो म्हणणाऱ्याचं भोक तो फार वाढवत नसे. इतकं नेमकं निदान मी पुढे मोठमोठ्या इंजिनिअरांच्या तोंडूनही क्वचित ऐकलं.

शेवटी आमचा निर्णय परिस्थितीनेच केला. मागचं भोक आता लहान करता येणार नव्हतं. छिललेलं ओतीव लोखंड परत येत नाही. म्हणून पुढच्याला मागच्याच्या मापावर आणायचं आणि दोन्हींना एक साफ, मध्यम आकार द्यायचा, ज्याला हे लोक स्ट्रीट पोर्ट म्हणतात. ब्रिज नाही. मार्किंग ब्लू फासून कागदाचा आकार स्क्रायबरने उतरवला. उघडणारी कड जवळजवळ आहे तिथे ठेवली. मिटणारी कड थोडी पुढे नेली, कारण ताकद वरच्या वेगात न्यायची असेल, तर भोक उशिरा मिटायला हवं. आतल्या अंगाला तेलाच्या रिंगांचा माग आहे. तिकडे जायचंच नाही. बाहेरच्या अंगाला कोपऱ्याच्या बटणाची वाट; तिथे रोटर प्रत्यक्ष ठेवून, गिअर गुंतवून, हाताने फिरवून पाहिलं. बटणाचा निम्म्याहून जास्त भाग प्रत्येक जागी लोखंडावर राहतो ना, याची खात्री होईपर्यंत ग्राइंडरला हात लावला नाही.

कार्बाइडच्या बरने ओतीव लोखंड सहज छिललं जातं. अवघड काम त्यानंतरचं. कडेला धार राहिली, तर ती बाजूच्या सीलाला वस्तऱ्यासारखी कापते. म्हणून सगळ्या कडा बारीक दगडाने मारून गोल केल्या. मिटणाऱ्या कडेला जरा जास्त उतार दिला, म्हणजे सील भोकावरून पलीकडे चढताना अडकत नाही. भाच्याला चकाकी हवी होती. मी म्हटलं, आरसा करू नकोस. हवेला आकार लागतो, चमक आपल्यासाठी असते. काळा भुगा पाण्याच्या नि तेलाच्या प्रत्येक वाटेत शिरला होता, तो काढायला छिलण्याहून जास्त वेळ गेला. बाजूच्या प्रत्येक सीलाचं टोक कानशीने घासून बटणाशी फट जमवली, फीलर गेजने, मिलिमीटरच्या शतांशांत. हे काम मला टूलरूममध्ये असल्यासारखं वाटलं, आणि भाच्याला शिक्षा झाल्यासारखं.

या सगळ्यात कारखाना स्वस्थ बसला नव्हता. गॅरेजमधले लोक वरचा वेग हवा म्हणून खालचा सोडत होते. माझदाने दोन्ही मिळवायचा प्रयत्न केला. १९८४च्या अमेरिकन आरएक्स-७मध्ये प्रत्येक रोटरला जास्तीचं एक भोक होतं. त्यात फिरणारी नळी होती आणि धुराचा दाब वाढला, की ती वळून भोक उघडायची. ही त्या ८४ तासांच्या झडपेची नात म्हणावी लागेल. दुसऱ्या टोकाला ७८७बी. २३ जून १९९१ रोजी ल मांची २४ तासांची शर्यत तिने जिंकली. चार रोटर, प्रत्येकाला तीन स्पार्क प्लग, लांबी बदलणाऱ्या हवेच्या नळ्या, आणि भोकं परिघावर. एनएसयूने आधी निवडलेलीच ही जागा. फक्त आता ती अशा गाडीत होती जिला सिग्नलला थांबायचं नव्हतं. ल मां जिंकणारी ही पहिली जपानी गाडी.

२००३च्या आरएक्स-८ने वाद उलट दिशेला नेला. तिच्या इंजिनात धुराचं भोकही परिघावरून काढून प्लेटेत आणलं. दोन्ही भोकं एकाच वेळी उघडी राहण्याचा प्रश्न मिटला, धूर स्वच्छ झाला, आणि तरीही जपानी आवृत्ती ८५०० फेऱ्यांना २५० अश्वशक्ती द्यायची. कारखान्याने दिलेलं हे सर्वात शहाणं उत्तर. पण धुराचे नियम आणखी कडक झाले आणि २०१२ साली तिचं उत्पादन थांबलं. आता माझदाच्या एमएक्स-३० गाडीत एकच रोटर उरलाय. चाकांशी त्याचा थेट संबंध नाही, तो फक्त वीज तयार करतो.

आपल्याकडे, भारतात, रोटरी गाडी रस्त्यावर दिसली नाही, पण इंजिन तयार झालं आहे. निशांत या मानवरहित विमानासाठी बंगळूरच्या एनएएल आणि एडीई या संस्थांनी आणि अहमदनगरच्या व्हीआरडीईने मिळून ५५ अश्वशक्तीचं वांकेल इंजिन विकसित केलं. २००९ साली ते बसवलेलं निशांत कोलारजवळून उडालं. आमच्या टूलरूममध्ये नगरची बरीच मुलं होती. त्यांच्या गावात हे काम चालतं, हे मला इथे ऑकलंडला येऊन कळलं. विमानाला सिग्नल नसतो, गिअर नसतो, ते एका वेगात तासन्‌तास चालतं. हलकं, कमी थरथरणारं रोटरी इंजिन त्याला शोभतं. रोटरीचं बरंचसं दुर्दैव ती मोटारीत बसली म्हणून आहे, असं मला वाटतं.

कारखान्याने काय निवडलं आणि गॅरेजने काय निवडलं, हे मांडून पाहिलं, की दोघांत शहाणं कोण, हा प्रश्नच उरत नाही. भोकाची योग्य जागा अशी नसतेच. गाडी कुठे चालणार आणि तिच्यात कोण बसणार, यावर ती ठरते. एनएसयूने घरच्या सेडानला शर्यतीचं भोक दिलं आणि मग ते लपवायला गिअरबॉक्स बांधला. दक्षिण ऑकलंडचा पोरगा कामावर जायच्या गाडीला ब्रिज कापतो आणि दर आठवड्याला पंपावर उभा राहतो. चूक दोघांची एकच. नाना पेठेतला उस्ताद ती करत नव्हता.

हाताने छिलण्याचे दिवस तसे सरत आले आहेत. जुन्या लोखंडी प्लेटा दर उघडणीला थोड्या झिजतात, काही तडकतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आता अखंड ठोकळ्यातून सीएनसीवर कापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा मिळतात. भोकाचा आकार संगणकावर ठरतो आणि पुढचं-मागचं तंतोतंत जुळतं. मला त्याचं वाईट वाटत नाही. मीही सीएनसी आल्यावरच टूलरूममध्ये सुखाने झोपायला लागलो. फक्त आमच्या प्लेटांचा कागदी नकाशा, किती छिललं आणि कोणती कड हलवली याच्या नोंदीसह, मी गाडीच्या कागदपत्रांत ठेवायला लावला आहे. पुढे जो कुणी हे इंजिन उघडेल, त्याला आमच्यासारखा लहरींवरून अंदाज बांधावा लागू नये.

गाडी आता सरळ चालते, सिग्नलला बंद पडत नाही, आणि वॉरंट ऑफ फिटनेसच्या तपासणीत पास झाली. भाचा खूश आहे. परवा त्याने न छिललेल्या प्लेटांचा एक जोड कुठूनतरी स्वस्तात मिळवून गॅरेजच्या फळीवर ठेवला. दुसरी गाडी घेऊ, ती फक्त ट्रॅकवर चालवू, आणि तिला ब्रिज, असा बेत. मी विचारलं, डबलसीट जाणार का? तो नाही म्हणाला. मग हरकत घ्यायला माझ्याकडे कारण उरलं नाही.